छाटणीची कात्री आणि परतीचं विमान

लेकीच्या बाळंतपणाला जाताना कात्री कोण नेतं? मी नेली. लेक जर्मनीत असते. कात्री बघून ती हसून हसून बेजार झाली. पण तिच्या शेजारणीच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल होता, नुसता माजलेला. मला राहवतंय होय! नातीला न्हाऊ-माखू घातलं की मी तिकडं. शेजारणीला माझी भाषा येत नव्हती, मला तिची, पण वेलापुरतं आमचं छान जमलं.

परत निघाले तेव्हा आमच्याकडच्या छाटण्या तोंडावर आल्या होत्या. लासलगावच्या अलीकडं आमचं गाव. तिथं माझी बायांची टोळी आहे, आम्ही दुसऱ्यांच्या बागा छाटतो. सुरुवातीला गडीमाणसं म्हणायची, "छाटणी बायांचं काम नाय." आता तेच बागवाले आधी येऊन दिवस ठरवून जातात. टोळीची एक रीत आहे: आपली कात्री कुणाला द्यायची नाही, नजरेआड ठेवायची नाही. टेम्पोतसुद्धा ती मांडीवरच्या पिशवीत असते. जाताना आमच्या ह्यांनी ती मोठ्या बॅगेत कोंबली होती. येताना सामान मी भरलं, आणि कात्री सवयीनं हातातल्या पिशवीत गेली.

विमानतळावर ही गर्दी! एका रांगेतून सुटलं की दुसरी रांग. चपला काढा, हात वर करा, पुन्हा थांबा. मेलं, एवढ्या वेळात अर्धी बाग छाटून झाली असती. शेवटी माझी पिशवी पट्ट्यावरून बाजूला गेली. तिथल्या माणसानं कात्री उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडं बोट दाखवलं.

"नो," मी म्हणाले. माझं इंग्रजी तेवढंच.

लेक अजून बाहेरच थांबली होती. फोन लावला तर म्हणते, "मम्मी, टाकून दे ना. तशा दहा घेऊन देते. विमान चुकेल तुझं."

माझं टाळकंच सरकलं. "तुझ्या दहा तुझ्यापाशीच ठेव!" म्हणाले आणि फोन ठेवला. राग नुसता त्या शब्दांचा नव्हता. तिच्या मराठी मैत्रिणी जेवायला आल्या होत्या, तेव्हा ती म्हणाली होती, "गावी आमची द्राक्षबाग आहे." कसली बाग! आमच्या नावावर घराखालची जागा तेवढी. तेव्हाच माझ्या मनात आलं, हिला माझ्या कामाची लाज वाटते का?

कात्री घेतली आणि सगळी रांग उलटी कापत बाहेर आले. लोक बघत होते. बघेनात का! लेक धावत आली. हात धरून मला सामानाच्या काउंटरवर घेऊन गेली. तिथल्या बाईनं मान हलवली. सामान घ्यायची वेळ संपली होती. लेक बोलत राहिली, त्यांच्या भाषेत, भराभर. बाई पुन्हा नाही म्हणाली. मग लेकीचा आवाज चढला, मागच्या रांगेतली माणसंही ऐकू लागली. तिनं माझ्याकडं हात केला, मग कात्रीकडं.

बाईनं माझ्याकडं पाहिलं. कुठून तरी एक खोका आणला, कात्री आत ठेवली, चिठ्ठी चिकटवली आणि खोका पट्ट्यावर सोडून दिला.

"काय सांगितलं गं तिला?" मी विचारलं.

"खरं तेच. माझी मम्मी दुसऱ्यांच्या बागा छाटते. ह्या कात्रीवर मी शिकले, इथवर आले. आणि मघाशी मीच तिला ही टाकून दे म्हणाले, तेही सांगितलं."

परमुलखात, भरल्या रांगेसमोर माझी लेक हे बोलली होती. खरं सांगते, पहिल्यांदा बाग छाटून बाहेर आले तेव्हासुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "एवढं मोठ्यानं सांगायचं असतं होय?" म्हणाले, आणि पळत सुटले. डोळे पुसत तिथंच थांबले असते, तर विमान गेलंच असतं.