तीन जण, एक गिटार

गिटार शिकायला बसलं की सूर उशिरा येतात, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून जमायला लागतात. आमचे तर पोतंभर झाले! गोष्ट ऐंशीच्या आसपासची. मोहाडीत आमच्या शाळेचे ड्रॉइंगचे मेश्राम सर पूर्वी नागपूरला एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. कॉलेजात गेल्यावर आम्ही तिघं त्यांच्या मागे लागलो. मी, किराणा दुकानदाराचा गोपाल आणि शेतकऱ्याचा मोरेश्वर. शिकणारे तीन, गिटार एक!

*

ती सेकंडहँड गिटार नागपूरहून मीच आणली. बसमधून उतरलो तो बाजाराचा दिवस. भाजी विकणाऱ्या एका आजीनं मला थांबवलं, मधल्या भोकात डोकावून पाहिलं.

"बापू, याच्यात काही भरलं नाही का?"

"नाही आजी, पोकळच असते."

"मंग एवढं जपून काहून नेऊन राहिला?"

*

पहिला महिना बोटं सोलण्यात गेला. तारा दाबून दाबून टोकं लालभडक! मोरेश्वरची माय हळद लावता लावता त्याच्यावर चिडली.

"धान कापताना विळा लागला तं तोंडातून शब्द नाही काढत, अन् तारेले रडून राहिला?"

मोरेश्वर म्हणाला, "माय, विळा वाजत नाही ना!"

*

मग आला 'एफ' कॉर्ड. एक बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या. गोपालला काही केल्या जमेना. त्यानं युक्ती काढली. गाण्यात 'एफ' आला की जोरात खोकायचं, तेवढ्यात पुढचा कॉर्ड पकडायचा!

घरी रियाज वाढला, तसा खोकलाही वाढला. शेवटी आई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. "डॉक्टरसाहेब, पोराले लय खोकला हाय. पण गाणं म्हणतानाच येते!"

डॉक्टरांनी छाती तपासली, घसा पाहिला आणि म्हणाले, "मंग गाणं बंद करा!"

*

आमची शिकवणी सरांच्या ओसरीवर चालायची. काकू आत स्वयंपाक करायच्या. तीन-चार महिन्यांनी मी धीर करून विचारलं, "काकू, आता ऐकायले बरं वाटते ना?"

"हो रे," काकू म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर लय बरं वाटते!"

*

मोरेश्वरच्या बाबांना मात्र हा नाद बिलकुल पसंत नव्हता. गिटार घरात वाजवायची नाही, गोठ्यात वाजवायची, असा त्यांचा हुकूम. पोरगा वर्षभर बैलांपुढे वाजवत बसला.

दिवाळीनंतर त्यांच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. संध्याकाळी दंडारीचं लोकनाट्य सुरू व्हायच्या आधी मोरेश्वरला स्टेजवर बोलावलं. समोर अख्खं गाव आणि चक्क पहिल्या रांगेत बाबा! मोरेश्वरनं पहिली तार छेडली आणि माईक बंद पडला. लोकांचा एकच गलका. "आवाज नाही येऊन राहिला!" मागून शिट्ट्या. मोरेश्वर रडायच्या बेतात.

तेवढ्यात बाबा उठले. लोकांकडे वळून ओरडले, "गप बसा रे सारे! माहा पोरगा वाजवून राहिला!"

मंडई चिडीचूप झाली. मोरेश्वरनं डोळे मिटले आणि वाजवलं. अख्खं गाणं, एकही चूक नाही! शेवटचा सूर विरला. मोरेश्वरनं डोळे उघडून बाबांकडे पाहिलं.

बाबा मायेनं म्हणाले, "हं, जुळल्या ना तारा? आता कर सुरू!"