नावाखालच्या दोन ओळी

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी मी सहा वर्षं होतो. सेक्रेटरी म्हणजे सभासदांची यादी सांभाळणारा माणूस. यादी कुटुंबवार असे. नवऱ्याचं नाव, पत्ता, आणि पुढच्या रकान्यात ‘अधिक दोन’, ‘अधिक तीन’. बायका त्या ‘अधिक’मध्ये. ही पद्धत माझ्या आधीची. पण मीही ती कधी बदलली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वहिनी म्हणजे मोटारींच्या कारखान्यातल्या माझ्या एका सहकाऱ्याची बायको. सगळं मंडळच त्यांना वहिनी म्हणायचं. पुण्याहून निघालेलं नवं कुटुंब विमानात बसण्याआधीच त्यांचा नंबर मिळवायचं. पत्ता नोंदवायला सरकारी कचेरीत कोण येईल? वहिनी. मुलाच्या शाळेतून जर्मन पत्र आलंय? वहिनींना फोटो पाठवा. गणपतीचा हॉल, त्याची किल्ली, प्रसादाचा शिरा, सगळं त्यांच्याकडे. स्वतः इंजिनियर. नवऱ्यामागून इथे आल्या आणि पदवी कपाटात राहिली.

अशा बाईंनी अध्यक्षपदासाठी उभं राहायचं ठरवल्यावर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आमचे अध्यक्ष, सगळ्या मंडळाचे काका, तीन वेळा बिनविरोध आलेले, कारखान्यातही मला वरिष्ठ. कँटीनमध्ये मला म्हणाले, “वहिनी उभ्या राहतायत? आल्झो, असं आहे तर, मग मी घरी बसून नातवंडं सांभाळतो.” हसले. पण सूप तसंच गार होत राहिलं.

अर्ज द्यायला वहिनी आमच्या घरी आल्या. मी नाव वाचलं आणि क्षणभर मलाच कळेना हे कोणाचं. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव सासरचं. पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. इथले सगळे कागद त्याच नावावर झाले होते, आणि मंडळात नवरा सोडून ते नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

“वहिनी, ह्या नावाने तुम्हाला कोण ओळखणार?”

“म्हणून तर. आठ वर्षं मी ह्यांची बायको आणि तुम्हा सगळ्यांची वहिनी आहे. एकदा तरी काहीतरी माझ्या नावावर होऊ दे, भाऊजी.” मग हसून म्हणाल्या, “एवढी काही वेडी नाही मी. नावाखाली ह्या दोन ओळी छापा. नाहीतर लोक म्हणतील, ही कोण बया?”

कागदावर त्यांच्या अक्षरात होतं: ‘तुम्ही सगळे मला वहिनी म्हणता. गणपतीच्या हॉलची किल्ली माझ्याकडे असते.’

दुसऱ्या दिवशी त्या आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेल्या; उभ्या राहतायत हे आम्हा दोघा-चौघांपलीकडे कोणाला सांगायला त्यांना वेळच मिळाला नाही. सभासद हॅनोव्हरपर्यंत पसरलेले, म्हणून मतदान टपालाने. मतपत्रिका मी टाइप करायची होती.

त्या दोन ओळी मी छापल्या नाहीत.

अध्यक्षांनी माझ्यावर दडपण आणलं असं सांगितलं तर मला सोपं जाईल. तसं काही झालं नाही. त्यांनी फक्त फोनवर विचारलं, “नियमाप्रमाणे पासपोर्टवरचंच नाव ना?” मी म्हटलं, “गेनाऊ, अगदी बरोबर.” नियम नावापुरता होता. नावाखाली काही छापू नये असं त्यात कुठेही नव्हतं, आणि नियमांची ती पुस्तिका माझ्याच कपाटात होती.

खरं कारण वेगळं आहे. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या बायकोचा गर्भपात झाला. चौथा महिना होता. मी हॅनोव्हरला प्रदर्शनात होतो. फोन आला तेव्हा दुपार होती, आणि गाडी अर्ध्या-पाऊण तासाची. मी म्हणालो, गिऱ्हाइकं आहेत, संध्याकाळचं जेवण ठरलंय, निघता येणार नाही. निघता आलं असतं. मला ते सगळं बघायचं नव्हतं, एवढंच. हॉस्पिटलात बायकोजवळ वहिनी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा त्या दारातच भेटल्या. “भाऊजी, थर्मासमध्ये चहा आहे,” म्हणाल्या आणि गेल्या. चार शब्द सुनावले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. त्यांनी कधी विषयच काढला नाही, आणि हळूहळू मला त्यांचं तोंडसुद्धा नकोसं झालं. उद्या ह्याच बाई व्यासपीठावर बसणार आणि मी शेजारी वही घेऊन बसणार, हे मला सोसणार नव्हतं.

मतपत्रिका गेल्या आणि फोन यायला लागले. “अहो, ह्या दुसऱ्या बाई कोण? नवीन आहेत का?” पहिल्या दोघांना मी म्हटलं, मला सांगता येणार नाही, सेक्रेटरीने तटस्थ राहायचं असतं. तिसऱ्याला म्हणालो, “असतील कोणी हॅनोव्हरकडच्या.” तो म्हणाला, “मग आपले काकाच बरे.” पुढे तेच उत्तर मी सर्रास देऊ लागलो.

वहिनींचा नवरा कोणाला काही बोलला नाही. पत्रिका बघून तो मला एवढंच म्हणाला होता, “तिचं तिला माहीत, मी त्यात पडत नाही.”

मोजणी हॉलमध्येच झाली. वहिनी आदल्या दिवशीच परतल्या होत्या आणि स्वयंपाकघरात पुऱ्यांची कणीक मळत होत्या. बदल हवा म्हणून काहींनी अनोळखी नावालाही मत दिलं होतं, तरी थोड्या मतांनी त्या हरल्या. अध्यक्षांना हार घातला गेला. तेवढ्यात वहिनींनीच घर शोधून दिलेली एक मुलगी त्यांना म्हणाली, “वहिनी, तुम्ही का नाही हो उभ्या राहिलात? आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून तुम्हाला मत दिलं असतं.”

वहिनींनी पिठाचे हात पुसले, टेबलावरची एक मतपत्रिका उचलली आणि वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “नियम…” त्या म्हणाल्या, “बरं.”

हॉलचा जर्मन रखवालदार हिशेबासाठी पाच वाजता यायचा होता, तसा आला. टेबलावरच्या पत्रिकेवर नावं पासपोर्टातल्यासारखी रोमन लिपीत होती; त्याचं बोट थेट वहिनींच्या नावावर गेलं. हॉलचा करार त्याच नावावर होता. त्यांना त्याने माहेरच्या आडनावाने हाक मारली आणि विचारलं, “निवडून आलात ना?”

“नाइन, नाही आले.”

“नाइन?” त्याने हार घातलेल्या अध्यक्षांकडे बघितलं. “हे कोण?”

वहिनींनी पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. “आता तुम्ही बघा, भाऊजी.” पुऱ्या तळायच्या राहिल्या होत्या. त्या जॅकेट घालून निघून गेल्या.

पुढच्या वर्षी ते दोघं दूर दक्षिणेत, वाल्डॉर्फकडे राहायला गेले. माझ्या बायकोची ह्या देशात तेवढी एकच मैत्रीण होती. तिचा फोन त्या उचलत नाहीत. बायकोला अजून वाटतं, हरल्याचा राग आहे. परवा भाजी निवडताना म्हणाली, “एका निवडणुकीचं माणसाने किती मनाला लावून घ्यावं!” मी मान डोलावली.

त्यांच्या अक्षरातला तो कागद मी जपून ठेवलाय. आज हे लिहून झालं की तो आणि हा, दोन्ही कागद बायकोसमोर ठेवणार आहे.