शनिवारचे घोडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, शोभाला तर नाहीच – आणि तिच्यापासून तसं माझं काही लपत नाही. चोरून गुलाबजाम खाल्ला तरी तिला माझ्या मिशीवरून कळतं. हे मात्र कळलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला दादा म्हणत नाही, म्हणून असेल.

आधी एक सांगून टाकतो. मी आयुष्यात घोड्यावर एक पैसा लावलेला नाही. बघा – तोंड उघडलं नाही तोच स्वतःची बाजू मांडायला लागलो. पण हे खरं आहे, आणि या खरेपणाच्या आडच मी इतकी वर्षं लपलो. वडील पुण्याच्या रेसकोर्सच्या तबेल्यात मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, मालिश, सगळं त्यांच्याकडे. शाळा सुटली की मी तिकडेच. कुठल्या घोड्याचं मागचं पाऊल जड पडतंय, कोण पळायच्या आधीच घामाने भिजून अर्धा संपलाय, हे मला पाढ्यांच्या आधी यायला लागलं.

पुढे शिकलो, कॉम्प्युटरमध्ये शिरलो आणि नव्वदच्या दशकात ओहायोतल्या डब्लिनला येऊन पोचलो. काम वाय-टू-केचं – जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोन आकडे दिसले की चार करायचे. दिवसभर तेच. मीटिंगमध्ये माझं मत कुणी विचारत नसे. विचारलं असतं तरी माझ्याकडे होतं काय? पण शनिवारी सकाळी पेपरात रेसचं पान यायचं. शहराच्या पलीकडे रेसकोर्स होता. तिथल्या दिवसभराच्या रेस, कुठला घोडा कुठल्या फाटकातून सुटणार, मागच्या वेळी कितवा आला, जॉकी कोण, सगळं मुंगीएवढ्या अक्षरात. मी चहा घेऊन बसायचो आणि एकेक रेस मनातल्या मनात पळवून बघायचो. आपल्याकडे घोडे गवतावर पळतात आणि उजवीकडे वळतात. इथे मातीवर, आणि डावीकडे. पहिले काही महिने माझे सगळे अंदाज आपटले. मग जमायला लागलं.

आणि जमायला लागलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सगळी कीड तिथे आहे.

सांगायला विलास होता. नागपूरचा, माझ्याहून बराच लहान, माझ्याच शिफारशीवर आमच्या ऑफिसात लागलेला. त्या पानातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण ऐकायचा मन लावून. मी सकाळी फोन करायचो – पहिल्या रेसला बाहेरच्या फाटकातला तांबडा, लांब पल्ल्याचा आहे, शेवटी पुढे येईल. दुसरी सोडून दे, सगळे गाढव आहेत. चौथीला जॉकी बदललाय, म्हणजे मालकाला आज जिंकायचंय. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "दादा, मान गये यार." ते वाक्य मला आठवडाभर पुरायचं. तो पैसे लावतो हे मला माहीत होतं का? होतं. किती लावतो हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर फोन बंद करावा लागला असता, नाही का?

मग त्याचा घरभाड्याचा चेक परत आला आणि त्याच्या बायकोला, सुनंदाला, सगळं कळलं. म्हणजे घोडे कळले. मी नाही कळलो.

इथे आणखी एक सांगायला हवं. आमची काही आंबेडकरी कुटुंबं महिन्यातून एका रविवारी जमायची, बहुतेक आमच्याच बेसमेंटमध्ये. जवळपास विहार नाही, भंते नाहीत. वयाने मोठा म्हणून पंचशील मी द्यायचो – मी एकेक ओळ म्हणायची, मागून सगळ्यांनी. खोटं बोलणार नाही, हेही त्यातच आलं. त्या वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात वंदना झाल्यावर विलास बुद्धांच्या मूर्तीसमोर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, पुन्हा घोड्यावर पैसे लावणार नाही. सुनंदा रडली. लोक येऊन माझा हात हातात घ्यायला लागले – दादा, तुम्ही समजावलंत म्हणून झालं. मी समजावलं नव्हतं. मी 'छे छे' म्हणत राहिलो आणि हात काही मागे घेतला नाही.

त्यानंतर काही शनिवार मी ते पान नुसतं वाचलं. अंदाज बरोबर यायचे आणि कुणाला पत्ताच नाही. शेवटी एका सकाळी कॉर्डलेस फोन घेऊन गराजमध्ये गेलो. नुसतं ऐक, म्हटलं. लावू नकोस, गंमत म्हणून ऐक. मी तेव्हा फोन ठेवू शकलो असतो – हे मला रोज आठवतं. मग तो हळू म्हणाला, "सांगा." आणि मी त्याला तिसऱ्या रेसमधली करडी घोडी सांगितली. ती आली. ती हरली असती तर? नाही, असले प्रश्न विचारायचा मला हक्क नाही.

तेव्हापासून त्याच्या घरी शनिवारी 'ओव्हरटाइम' सुरू झाला. फोन वाजला की मी शोभाच्या आधी धावायचो. सुनंदा कुठे भेटली की उगाच जास्त बोलायचो, मुलीची चौकशी, शाळेची चौकशी. चोराच्या मनात चांदणं. रविवारी ती एक ओळ आली की माझी नजर सतरंजीवर. पण आवाज खणखणीत. लोक म्हणायचे, दादांचं पठण ऐकत राहावं.

पानगळ सुरू झाली आणि दुसरा चेक परत आला. त्या रविवारी सुनंदा विलासला घेऊन सगळ्यांच्या आधी आली. दारातच उभी राहिली.

"दादा, यांना ते पान वाचता येत नाही. मी समोर ठेवून वाचायला लावलं. म्हणजे कुणीतरी सांगतंय. मी म्हटलं, फक्त नाव सांगा, मी राहते. त्या माणसाला आपण दोघं मिळून तोडू. तर हे तोंड उघडत नाहीत. तो कोण आहे असा, माझ्यापेक्षा, पोरीपेक्षा जवळचा? तुम्हाला काही माहीत आहे का?"

विलास तिच्या मागे, चपलांच्या रॅकजवळ उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता. दोन शब्द – 'मीच तो' – बस, एवढंच लागणार होतं. शोभा आत पुऱ्या तळत होती, तिला ऐकू गेलं असतं. थोड्या वेळाने सगळे आले असते. मला दादा कोण म्हणणार होतं मग?

मी म्हणालो, "शिकला असेल स्वतःच. माणूस लपवायला लागला की काय काय शिकतो."

वाचता येत नाही, हे तो तिला खरं दाखवत होता. ते मी खोटं पाडलं. म्हणजे पान वाचता न येणं हेही तिला सोंग वाटलं असणार. विलासने मान खाली घातली. तो काही बोलला नाही – तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही. मी त्याला नोकरी लावली होती म्हणून? दादा म्हणत होता म्हणून? मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी पंचशील मीच दिलं. सुनंदा पहिल्या रांगेत बसून माझ्यामागून एकेक ओळ म्हणत होती. विलासचा आवाज मला ऐकू आला नाही.

ती मुलीला घेऊन नागपूरला निघाली तेव्हा एअरपोर्टला मीच सोडलं. विलासबरोबर गाडीत बसायला ती तयार नव्हती. बॅगा आत गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "जयभीम, दादा. यांच्याकडे लक्ष ठेवा. तुमच्याशिवाय कोण आहे त्यांना इथे?" हो म्हणालो. मुलीने हात हलवला. मीही हलवला. त्या दोघी परत आल्या नाहीत.

त्या शनिवारी पेपर आला. रात्रभर पाऊस पडून गेला होता, ट्रॅकवर चिखल असणार, हलक्या पायाचे घोडे चालणार नव्हते. मी सगळं पान नीट वाचलं. मग फोन घेऊन गराजमध्ये गेलो. विलासने पहिल्याच रिंगला उचलला.

"पहिल्या रेसला पाच नंबर," मी म्हणालो.