आप्पांचा पाय आणि आमचं अख्खं खातं

आमच्या ऑफिसात दोन जाडजूड रजिस्टरं आहेत. एक आवक, एक जावक. आलेल्या कागदाला आवक नंबर पडतो, गेलेल्या कागदाला जावक. किश्श्यांचं मात्र तसं नाही बघा, ते नुसते आवक होतात. वीस वर्षं झाली मला समाजकल्याण खात्यात, एक किस्सा कधी बाहेर गेलेला नाही. दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ते आप्पांचं सांगा की." मग मी सांगत बसते आणि माझी भाजी गार होते. तर आज तेच ऐका.

मी समूह संघटक. म्हणजे वस्तीत जायचं, लोकांना योजना सांगायच्या, त्यांचे कागद जमवायचे आणि वर त्यांच्याच शिव्या खायच्या. कोल्हापुरात शिव्या प्रेमानं देतात, त्यामुळे अंगाला लागत नाहीत.

*

आमच्या व्हरांड्यात एक काळा फळा आहे. डाव्या अंगाला योजना लिहायच्या: पेन्शन, शिलाई मशीन, दिव्यांगांचं शिबिर. उजव्या अंगाला 'कर्मचारी वृत्त'. कुणाचा वाढदिवस, कुणाची बदली, कुणाच्या पोरीला दहावीला किती टक्के पडले. फळा लिहितात श्रीपतमामा. मामा आमचे शिपाई, राहणार कसबा बावडा. अक्षर एकदम सुरेख, पण पोटात काही राहत नाही.

एकदा मामांनी लिहिलं: 'देसाई साहेबांचा गुडघा दुखत असल्याने साहेब आज उशिरा येतील.' देसाई साहेब म्हणजे आमचे खातेप्रमुख, नियमाला धरून चालणारा माणूस. त्या दिवशी व्हरांड्यात पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांची रांग होती. एकानं फळा मोठ्यानं वाचला, बाकीच्यांनी ऐकला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साहेबांच्या टेबलावर तिळाचं तेल, एरंडाची पानं, लसणीचं तेल आणि निर्गुडीचा भाराभर पाला!

साहेबांनी मामांना बोलावलं. "श्रीपत, माझा गुडघा ही काय शासकीय माहिती आहे?"

"न्हाई साहेब, कर्मचारी वृत्त हाय."

संध्याकाळी साहेब घरी गेल्यावर मामा टेबल आवरायला गेले. तेलं जागेवर होती. निर्गुडी तेवढी नव्हती.

ती निर्गुडी आणणारी म्हणजे तानूबाई. साठी ओलांडलेली, काटक, बोलायला फटकळ. ती फळ्यापाशी थांबून मला म्हणाली, "सायबाचा गुडघा हितं लिवलासा, तर गावानं औषध आणलं. आमच्या आप्पाच्या पायाचं बी लिवा की. कोन तरी कायतरी आनंल."

मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर निघाले.

*

स्टँडच्या भिंतीला लागून एक बंद दुकान आहे. त्याच्या पत्र्याखाली आप्पा बसलेले. छत्र्या दुरुस्त करतात, बॅगांच्या चेनी बसवतात. माणूस मूळचा गडहिंग्लजकडचा, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरतात. उजव्या पायाच्या बोटांना फडकं बांधलेलं. तानूबाईनं ते सोडलं, तर बोटं चिघळलेली. साखरेचा आजार, त्यात ही जखम, आणि बसायला उघडी फरशी.

रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रोज ड्रेसिंग, कोरडी स्वच्छ जागा, आणि दोन महिने पाय खाली टेकायचा नाही. हे झालं तर पाय वाचेल. रस्त्यावरच राहिले तर गुडघ्याखालून काढावा लागेल.

मला हायसं वाटलं. आमच्या खात्याचा बेघरांसाठी निवारा आहे, तिथं खाट आहे, जेवण आहे, रोज नर्स येते. मी आप्पांना सगळं सांगितलं.

"आन ही?" आप्पांनी विचारलं.

"त्या वरच्या मजल्यावर, बायकांच्यात. तुम्ही खाली, पुरुषांच्यात. तसा नियम आहे."

"साकु," आप्पा म्हणाले. म्हणजे पुरे झालं. "पाय बरा करून चालत जायाचं कुठं, म्याडम? हिच्याकडंच न्हवं? मग हितंच बरा हाय की मी."

"त्येचं काय ऐकतासा," तानूबाई म्हणाली. "न्या उचलून."

पण आप्पा काही हलले नाहीत.

*

मग श्रीपतमामा म्हणाले, "तुमी बायामाणसं असलं काम नरमाईनं करतासा. मी जातो. बावड्यात भावाभावांच्या वाटण्या मिटवल्यात मी."

आभाळ भरलेलं होतं, म्हणून मामा छत्री घेऊन गेले. दोन तासांनी परत आले.

"काय झालं मामा?"

"दांडा बदलला. दोन काड्या बी नव्या घातल्या."

"छत्रीचं नाही, आप्पांचं विचारतेय मी."

मामांनी छत्री खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "त्येनी मलाच इचारलं. म्हणले, मामा, तुमची मंडळी गेली तवा तुमी किती दिस नीट जेवला न्हाईसा?"

मामींना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मामांनी डस्टर घेतला आणि कोरा फळा पुसत उभे राहिले.

*

निवारा चालवते ती रेश्मा. तिशीच्या आतली पोरगी, कंत्राटी नोकरी, पण ऐंशीच्या म्हाताऱ्यालाही दटावून आंघोळीला पाठवते. ती म्हणाली, "मॅडम, एकदा दोघांना आणा तर खरं. मी अंड्याचं कालवण करतो. माझ्या हातचं खाल्लं की कोन परत जात न्हाई."

दोघं आली. जेवली. आप्पा खाली पुरुषांच्या खोलीत आडवे झाले, तानूबाई वर गेली. आणि जिन्यातनं सुरू झालं.

"गोळी घेतलीस का?"

"घेतली."

"पाय उशीवर हाय का?"

"उशी पातळ हाय."

"मग दोन घे की, मुडद्या."

"दुसरी कुणाची घिऊ?"

दुपारभर हेच. कुणाचा डोळा लागेना. चार वाजता निवाऱ्यातली सगळी माणसं रेश्मापुढं उभी. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर आजोबा म्हणाले, "बाई, एक तर ह्या दोघास्नी एका खोलीत घाला, न्हाईतर आमास्नी भाईर काढा."

पाच वाजता बघितलं तर दोघं निघून गेलेली. उरलेलं कालवण किटलीत भरून नेलेलं. रेश्मा रडकुंडीला आली होती. कालवणासाठी नव्हे. आप्पा जखमेच्या पायानं चालत गेले होते.

*

आता निवाऱ्यात एक 'कुटुंब कक्ष' आहे. नवरा-बायको असतील, लेकुरवाळी बाई असेल, तर त्यांच्यासाठी. आम्ही त्यात जुनं दप्तर कोंबलं होतं. मामा, रेश्मा आणि मी, तिघांनी एका सकाळी सगळे गठ्ठे बाहेर काढले, फरशी धुतली, दोन खाटा लावल्या. राहिली फक्त साहेबांची सही.

साहेबांनी फॉर्म वाचला. नाव, वय, आणि मग 'नाते'. तो रकाना मी मोकळा सोडला होता.

"काय नातं?"

"म्हणजे, एकत्र राहतात साहेब."

"कागद काय आहे? विवाहाचा दाखला, रेशनकार्ड? उद्या तपासणीला आलेला माणूस विचारेल, कुटुंब कक्षात कोण ठेवलंत. मी काय दाखवू त्याला?"

साहेब वाईट नाहीत. एकदा दुसऱ्या गावी असताना असल्याच एका मोकळ्या रकान्यापायी त्यांना नोटीस आली होती, ते दुखणं गुडघ्याहून जुनं आहे.

मी तानूबाईला विचारायला गेले.

"लगीन? ह्येच्यासंगं?" तिनं कपाळाला हात लावला. "आवं, चार वर्सं झाली. पाऊस लागलावता म्हणून ह्या पत्र्याखाली आलो. ह्यो आधीच बसल्याला. सरक म्हंटलं. सरकला. तेवढंच."

"मग बहीण-भाऊ लावू का?"

"भावानं राधानगरीतलं घर बळकावलं माझं. भाऊ नगं."

आप्पा छत्रीतनं मान वर न काढता म्हणाले, "सासू लावा. बोलती तशीच."

*

आमच्या खात्यातल्या लोकांची एक खोड आहे. कुणाचं दुःख दिसलं की आम्ही त्याला योजना शोधतो. माणसाला काय पाहिजे ते विचारायचं राहून जातं. मामांनी तेच केलं. सोमवारी सकाळी फळ्यावर, कर्मचारी वृत्तात: 'आपल्या परिवारातील श्री. आप्पा व श्रीमती तानूबाई यांचा शुभविवाह लवकरच.' खाली दोन्हीकडं स्वस्तिक!

व्हरांड्यातल्या रांगेला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी हिरव्या बांगड्या आल्या, स्टीलचा डबा आला, कापसाची नवी उशी आली. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक पेन्शनवाले काका म्हणाले, फुकट वाजवतो. आणि खरं सांगू का, मलाही ते आवडलं होतं. मी मनात साडीचा रंगसुद्धा ठरवला होता.

मग तानूबाई आली. "कुनी ठरिवलं?"

मामा पाण्याच्या फिल्टरमागं सरकले. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती बाकावर बसली.

"एकदा झालंय माझं लगीन, मामा. बावीस वर्सं कुनाची तरी बायकू म्हणून ऱ्हायलो, एक दिस धड गेला न्हाई. आता कुनाची कोन न्हाई, तर सुकात हाय. पाय वाचवाय मलमपट्टी लागती. मंगळसूत्र कशाला लागतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा पत्र्याखालचा संसार तिनं स्वतः निवडलेला, आणि आम्ही त्याला आमचं नाव चिकटवायला निघालो होतो. मामा फिल्टरमागून आले, फळा पुसला आणि हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. बांगड्या परत दिल्या, डबा परत दिला. उशी तेवढी काखेत मारली. "ही आप्पाच्या पायाखाली ऱ्हाईल."

*

शुक्रवारी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जखम वर सरकायला लागली आहे. आता दोन दिवसांत आत नेलं नाही तर पाय जाणार.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि आवाज चढवला. वीस वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी ऐकून घेतलं, फाईल उचलली आणि म्हणाले, "मी स्वतः स्थळपाहणी करतो."

लंगडत लंगडत जीपमध्ये बसले. पत्र्याखाली पोचलो, तर आप्पांनी आपली हत्यारांची पेटी पुढं सरकवली. "बसा पावणं."

साहेब पेटीवर बसले. फाईल मांडीवर. "बाई, तुम्ही यांच्या कोण?"

"कोन न्हाई."

"नक्की?"

"कोन न्हाई म्हंटलं न्हवं. न्या ह्येला आत्ताच. मी हितंच हाय. पाय वाचू दे त्येचा."

बोलता बोलता ती आप्पांची पिशवी भरत होती. गोळ्या, कंगवा, किटली, सदरा. मग अंगाखालची वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी, तिनं उचलली, झटकली, घडी घातली आणि त्याच पिशवीत कोंबली.

"ही वाकळ कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी. त्येला गार सोसत न्हाई."

आप्पांनी वाकळ पिशवीतनं बाहेर काढली आणि तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं परत भरली. त्यांनी परत काढली. दिवसभर एकमेकांचा उद्धार करणारी ही दोघं, पण तेव्हा एक शब्द नाही. तिसऱ्यांदा चारी हात त्या वाकळेवर होते आणि कुणीच सोडत नव्हतं. माझे डोळे भरून आले. ड्रायव्हर दुसरीकडं तोंड करून उभा राहिला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेन काढलं, फॉर्मवर काहीतरी लिहिलं, सही केली आणि फाईल मिटली. "गाडी इथंपर्यंत आणा," ते म्हणाले. "दोघांनाही घ्या. वाकळ घ्या. पेटीपण."

त्या धांदलीत फाईल कुणी उघडलीच नाही. त्याच दिवशी कुटुंब कक्षात दोन्ही खाटा भरल्या, संध्याकाळी ड्रेसिंग झालं. शेवटी आप्पांचं एक बोट गेलं, पाय राहिला.

आठ-दहा दिवसांनी कागद लावायला बसले, तेव्हा तो फॉर्म हातात आला. नाव बरोबर, वय बरोबर. आणि 'नाते' या रकान्यात, साहेबांच्या नीटनेटक्या अक्षरात, एकच शब्द:

'आहे.'