घड्याळ नव्हते ते

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला तर नाहीच. तुम्हालाही सांगितले नसते. पण गेल्या रविवारी आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरात, माझ्या देखत, माझी जी स्तुती झाली ती खोटी होती, आणि खोटे मी खपवून घेत नाही. निदान दुसऱ्यांचे.

पुण्यात शिकणाऱ्या नातीने, सईने, आपले ठिकाण वडिलांच्या मोबाईलवर दिसणे बंद केले. माझा मुलगा प्रकाश संतापला. "लपवण्यासारखं काय हाय तुझ्याकडं?" ती म्हणाली, "आंघोळीला दार लावता की तुम्ही, मग तुम्ही काय लपवताय?" उत्तर मला आवडले. तेवढ्यात माझी पत्नी सुशीला म्हणाली, "पोरी, बापाचं एक वेळ चुकंल. तुझ्या आजोबास्नी यंत्राबिगर कळायचं, कोण कुठं हाय ते. अंबाबाईच सांगायची की त्यास्नी."

सर्वांनी माना डोलावल्या. मीही? होय — मीही.

अंबाबाईने मला कधी काहीही सांगितलेले नाही.

नव्वदचे दशक सरत असताना मी घरच्या टेलिफोनला एक लहानशी डबी जोडून घेतली. येणाऱ्या फोनचा नंबर तीत उमटे. वेळही दिसे, म्हणून घरात सांगितले — हे घड्याळ आहे. सुशीला ते रोज पदराने पुसत असे. पण नुसत्या नंबरावरून ठिकाण कसे कळावे? मी पद्धतशीर माणूस. सकाळच्या फेरफटक्यात एकेका टेलिफोन बूथवरून स्वतःच्याच घरी फोन करी, न बोलता ठेवून देई, आणि घरी येऊन डबीतला नंबर वहीत त्या बूथच्या ठिकाणापुढे उतरवी. पलीकडून सुशीला कडाडे, "बोल की मुडद्या, दातखीळ बसली व्हय?" हा प्रसाद मी किमान चाळीस बूथांवर निमूट घेतला आहे. घरी पोहोचताच तीच सांगे, "आज बी त्यो मुका फोन आलता." मी गंभीरपणे म्हणे, "पोलिसांत कळवायला हवे."

प्रकाश फोनवर सांगे, इचलकरंजीला यंत्रमागांच्या शेडवर आहे. मी म्हणे, रंकाळ्यावरची भेळ संपव आणि घरी ये. अशी माझी कीर्ती झाली.

आता मोपेडचे. सुशीला मोपेड का शिकली नाही, याच्या आमच्याकडे तीन हकिकती आहेत. प्रकाश म्हणतो, आई भ्याली. मेहुणी विमल म्हणते, ताईचा गुडघा. शेजारी म्हणतात, वय. तिन्ही खोट्या. ती भ्याली नव्हती. मी पाहिले आहे.

शाहूपुरीत विमलकडे जाते म्हणून ती निघे आणि थोड्या वेळाने फोन करी — विमल सोडत न्हाय, उशीर व्हईल. डबी म्हणे, शाहूपुरी नव्हे, खेळाच्या मैदानासमोरचा बूथ. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा मी गेलो. रसवंतीच्या आडोशाला उभा राहिलो. पदर खोचून सुशीला मोपेडवर, मागे कॅरियर धरून विमल धावत होती, "ताई, म्होरं बघ, माझ्याकडं काय बघतीस?" — आणि सुशीला हसत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात ते हसू मी ऐकले नव्हते. विमलने कॅरियर सोडला. सुशीला एकटी, मैदानाला पूर्ण फेरी मारून आली.

मी काय करायला हवे होते? तीन ग्लास रस सांगून पुढे व्हायला हवे होते. मी घरी आलो, आणि संध्याकाळी जेवताना म्हणालो, "मैदानावर धूळ फार असते म्हणतात."

एवढेच. भाकरी थापणारे हात थांबले. तिने आधी देव्हाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. पुन्हा ती कधी गेली नाही.

मी मनाई कुठे केली, असे मी स्वतःला किती वर्षे बजावले असेल? पण मला तिला अडवायचेच होते. माझ्या नकळत ती इतकी हसली, हे मला सोसले नाही. मंडईच्या पिशव्या ती पायीच आणत राहिली. गुडघा गेला तो त्यानंतर; विमलची हकीकत तेवढी उलटी आहे.

हे कागद उद्या सई घरात मोठ्याने वाचेल. वही मी सोबत ठेवली आहे, आणि मी समोरच बसलेला असेन.

सुशीला, तो मुका फोन माझा होता. आणि तू जे रोज पुसत होतीस, ते घड्याळ नव्हते.