आधी छप्पर, मग बिअर

नोलीन पाराटा आमच्या रॅनफर्ली गावातली सुतार. पन्नाशी उलटलेली, तोंडाने फटकळ. छपराचे दोन उतार बाहेरच्या कोपऱ्यावर मिळतात तिथला कोनवासा आणि आतल्या कोपऱ्यावर मिळतात तिथली घळ, या दोन कामांना ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आमच्या नव्या घरावर पत्रे चढले आणि रिवाजाप्रमाणे आम्ही सुतारांसाठी बिअरचा क्रेट आणला. पहिल्या घोटाआधी माळ्यावर एक फेरी मारायची ही नोलीनची सवय. ती शिडीवरून उतरली ती लालबुंद होऊनच.

“मोठी कैची कुणी कापली?”

कैची म्हणजे छपराचा भार पेलणारी लाकडी त्रिकोणी चौकट; कोनवाशाकडच्या सगळ्या छोट्या कैच्या त्या एकीवर टेकलेल्या. मी माझ्या नवऱ्याकडे, गॅविनकडे पाहिलं. तो बाटलीवरचा कागद खरवडत होता.

“अगं, एक आडवी फळी तर होती. शेगडीचं धुराडं नेमकं तिथेच येत होतं. काही होत नाही!”

काही होत नाही! आमच्याकडचा प्रत्येक नवरा हेच म्हणत करवत उचलतो. माझं डोकंच फिरलं.

“खाली कुणाची खोली?” नोलीनने विचारलं.

“माझ्या आईची,” मी म्हणाले.

“मग सासूबाईंना सांग की, काही होत नाही. बर्फ पडला की त्याही तेच म्हणतील, ढिगाऱ्याखालून!”

“घर माझं आहे, नोलीन,” गॅविन म्हणाला.

“घर तुझं, छप्पर माझं. आणि ते अजून झालेलं नाही. बिअर कसली पितोस?”

तिने त्याच्या हातातली बाटली काढून घेतली, क्रेट स्वतःच्या गाडीत टाकला, कैचीखाली टेकू लावले आणि पत्रे उचकटायला चढली. तिच्या शिव्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या. मला एकही जास्त वाटली नाही.

नवी कैची बसली, धुराडं बाजूला सरकलं. तरी नोलीन क्रेट देईना. “बर्फ पडू दे. त्या रात्री त्या खोलीत हा झोपेल.” तोवर आई बहिणीकडेच राहिली आणि मी गॅविनशी कामापुरतंच बोलत होते.

जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, घळ बर्फाने भरली. सकाळी गॅविन खोलीतून बाहेर आला, तर नोलीन क्रेट घेऊन पायरीवर हजर.

“झोप लागली?”

“नाही. छताकडे बघत होतो.”

“आता कळलं तुला,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “जा, आईला घेऊन ये.”

मी गाडीची किल्ली घेतली, तेव्हा कुठे तिने पहिली बाटली उघडली.