अराउंड फोर

आमच्या घरी नक्की वेळ मराठीत सांगतात आणि अंदाजे वेळ इंग्रजीत. बाबा डिफेन्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भोंग्यावर आयुष्य काढलेला हा माणूस ‘सात वाजता’ म्हणाला की सातच. पण ‘अराउंड सेव्हन’ म्हणाले की आई निवांत कणीक भिजवायला बसते. ‘ऑलमोस्ट पोहोचलो’ म्हणजे अजून चपला शोधताहेत. सगळ्या जबलपुरात असंच चालतं की आमच्याच घरी, देव जाणे.

गेल्या हिवाळ्यात ताई पहिल्यांदाच लेकीला घेऊन येणार होती. मी सकाळपासून नुसती फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, नातीला उंबरठ्यातून आत मीच आणणार.

भाऊजींनी नागपूरहून निघताना फोन केला, ‘अराउंड फोर पोहोचू.’ आम्ही मनातल्या मनात पाच केले. बाबांनी तर साडेपाच धरले आणि ताईचा जुना पाळणा दुरुस्तीला दिला होता तो आणायला महाराजपूरला गेले. भाऊजी पुण्याचे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. चारच्या ठोक्याला गाडी दारात.

आई भाकरतुकडा घेऊन धावली आणि पायरीवरच थबकली. ओवाळलं की बाळाला आत घ्यायला हवं, आणि बाबांचा पत्ता नाही. मी त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

‘जस्ट अराउंड द कॉर्नर,’ बाबा म्हणाले.

भाऊजी खुशीत कोपऱ्याकडे बघायला लागले. आईने भाकरतुकडा पदराखाली झाकून घेतला. ताईने गाडीतूनच हात लांबवून फोन घेतला.

‘बाबा, मराठीत सांगा.’

पलीकडून बारीक आवाज आला, ‘महाराजपुरातच आहे, बेटा. ऑटोला पाळणा बांधून राहिलो. अर्धा तास लागेल. तुम्ही घ्या तिला आत.’

‘आम्ही काहून जाऊ आत? बसलो आहे गाडीत. तुम्ही आरामात या.’

मग काय, चहा गाडीतच गेला. मी ताईशेजारी घुसले. बाळाने माझं बोट पकडलं आणि मला आनंदाने रडूच आलं.

अर्ध्या तासाने ऑटो वळली, पाळण्याचे पाय बाहेर काढून. बाबा उतरले ते थेट गाडीपाशी. ताईने लेक त्यांच्या हातात दिली. आईने ओवाळून तुकडा टाकला. उंबरठा ओलांडताना बाबा नातीच्या कानाशी वाकले.

‘तुला मात्र मी सगळं मराठीतच सांगीन,’ ते म्हणाले.